बारा बंधूंच्या दफ्तरापाशी

इ.स. १८३ च्या फेब्रुवारी महिन्यात रोमजवळच्या एका देवराईतल्या देवळाच्या माथ्यावर अंजिराचे झाड उगवलेले आढळले. आपल्याकडे जुन्या देवळाच्या शिखरावर पिंपळ रुजतो, त्याची मुळे दगडांच्या सांध्यांत उतरतात आणि तो कोणी उपटायचा यावर गावात वर्षानुवर्षे चर्चा चालते, तशातलीच ही गोष्ट. देऊळ देआ दिआ नावाच्या देवीचे होते आणि त्याची व्यवस्था ‘आर्वाल बंधू’ म्हणवणाऱ्या बारा पुरोहितांच्या मंडळाकडे होती. झाड काढायचे आणि देऊळ दुरुस्त करायचे, म्हणजे देवीच्या वास्तूला हात लावायचा. म्हणून कामाला सुरुवात करण्याआधी डुक्कर, मेंढा आणि बैल यांचा एकत्रित बळी देण्यात आला. पुढे स्वतः देआ दिआला दोन गायी, जानुसला दोन एडके, मग जुपिटर, मार्स आणि त्यांच्यामागून कितीतरी देवदेवतांना त्यांचे त्यांचे भाग देण्यात आले. या देवराईचे रक्षण करणारा ‘देव असो वा देवी’, त्याचे नावही ठाऊक नाही, तरी त्याचा वाटा चुकलेला नाही. यादीच्या अखेरीस तीन देवता येतात, ज्यांची नावे रोमन वाङ्मयात इतरत्र फारशी भेटत नाहीत: आदोलेंदा, कॉमोलेंदा आणि देफेरुंदा. पहिली जाळण्याची, दुसरी तुकडे करण्याची आणि तिसरी खाली उतरवण्याची. झाड छपरावरून उतरवायचे, त्याचे तुकडे करायचे आणि ते जाळायचे, या कामाच्या तीन टप्प्यांना तीन देवता. मात्र शिलालेखात त्यांची नावे कामाच्या क्रमाने येत नाहीत. ती लॅटिन वर्णमालेच्या क्रमाने येतात.

ही नोंद संगमरवरावर कोरलेली आहे आणि वाचणाऱ्याला पहिल्या भेटीत ती चक्रावून टाकते. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात अशाच छोट्या देवतांची टर उडवली होती. घराच्या दाराला माणूस एकच द्वारपाल नेमतो, पण रोमनांनी दाराच्या फळीला, बिजागरीला आणि उंबऱ्याला तीन वेगळे देव नेमले, असे त्याचे म्हणणे. त्याच्यानंतरच्या पंधराशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी रोमन धर्मावर लिहिले, त्यांतल्या बहुतेकांनी या थट्टेचा काही ना काही अंश आपल्या मतात मुरू दिला. जॉन शाइड या अभ्यासकाने तो मुरू दिला नाही. या तीन देवतांकडे आणि त्यांना मिळालेल्या मेंढ्यांकडे त्याने पूर्ण गांभीर्याने पाहिले. ही यादी नीट वाचली तर रोमन लोक जगाची मांडणी कशी करत होते ते कळू शकेल, असे त्याने धरून चालले आणि त्या वाचनाला त्याने आपल्या विद्याव्यासंगाची जवळजवळ पन्नास वर्षे दिली. मी हा लेख लिहिते आहे तो या पन्नास वर्षांविषयी वाटणाऱ्या आदरापोटी.

शाइड १९४६ साली लक्झेंबर्गमध्ये जन्मला. जर्मन आणि फ्रेंच या दोन्ही भाषा जिथे शाळेपासून सोबत चालतात, अशा देशात वाढल्याचा त्याच्या अभ्यासाला मोठा लाभ झाला असावा, असे मला त्याची पुस्तके वाचताना नेहमी वाटते. रोमन धर्माचा आधुनिक अभ्यास मुख्यतः जर्मन विद्यापीठांत उभा राहिला होता. गेओर्ग विसोवाचा १९०२ सालचा ग्रंथ, ज्यात रोमन देव आणि त्यांचे पूजाविधी एखाद्या कायद्याच्या संहितेसारखे मांडलेले आहेत, तो आजही टाळता येत नाही. दुसऱ्या बाजूला पॅरिसमध्ये समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांच्या अंगाने प्राचीन धर्मांकडे पाहणारी परंपरा होती. शाइडच्या लेखनात जर्मन शिस्तीची काटेकोर साधने आणि फ्रेंच परंपरेचे प्रश्न एकत्र येतात. सत्तरच्या दशकात तो रोममधल्या फ्रेंच संशोधनसंस्थेचा, एकोल फ्रांसेज द रोमचा, सदस्य होता. त्यानंतर लील इथे अध्यापन, १९८३ पासून पॅरिसच्या एकोल प्रातिक दे ओत एत्युदमध्ये रोमन धर्मांच्या अध्ययनाचे संचालकपद आणि २००१ ते २०१६ या काळात कॉलेज द फ्रान्समधले ‘प्राचीन रोमचा धर्म, संस्था आणि समाज’ या विषयाचे अध्यासन, असा त्याच्या कारकिर्दीचा आलेख आहे. पदांची ही शिडी कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की या सगळ्या पदांवर असताना त्याच्या टेबलावरचा मुख्य कागद एकच राहिला.

तो कागद म्हणजे आर्वाल बंधूंचे दफ्तर. बंधूंविषयी प्राचीन लेखकांनी फार थोडे सांगितले आहे. वारो म्हणतो की शेते पिकावीत म्हणून हे लोक सार्वजनिक विधी करतात. प्लिनी आणि गेलियस एक कथा सांगतात: रोमचा संस्थापक रोम्युलस याला वाढवणाऱ्या आक्का लारेंतियाला बारा मुलगे होते, त्यांतला एक वारला, तेव्हा रोम्युलसने त्याची जागा घेतली आणि उरलेल्या अकरांसह स्वतःला ‘शेतांचे बंधू’ म्हणवून घेतले. पांढऱ्या फितींनी बांधलेला गव्हाच्या लोंब्यांचा मुकुट ही त्यांची खूण. प्रजासत्ताकाच्या काळात हे मंडळ जवळजवळ विस्मृतीत गेले होते. पहिला सम्राट ऑगस्टस याने सत्ता हाती आल्यावर त्याला नवे रूप दिले, स्वतः त्याचा सदस्य झाला आणि आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेखही करून ठेवला. त्यानंतरचा प्रत्येक सम्राट बारांपैकी एक असे आणि बाकीचे अकरा साम्राज्यातल्या बड्या घराण्यांतले. हे मंडळ दरवर्षी आपण काय केले ते लिहून ठेवत असे आणि तो वृत्तांत देवराईत संगमरवरावर कोरला जात असे. इ.स.पू. २१ च्या सुमारापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या नोंदींचे तुकडे आपल्यापर्यंत पोचले आहेत. प्राचीन रोममधल्या दुसऱ्या कोणत्याही पुरोहितमंडळाच्या कामाचा इतका सलग आणि इतका तपशीलवार पुरावा उरलेला नाही.

या नोंदींचा शोध हीच एक लांबलेली कहाणी आहे. देवराई रोमपासून पाचव्या मैलाच्या दगडापाशी, व्हिया काम्पाना या रस्त्यावर होती. आज त्या भागाला ला माल्याना म्हणतात. सोळाव्या शतकात तिथल्या द्राक्षमळ्यांत पहिले लेख निघाले. १७७८ मध्ये व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चच्या नव्या सॅक्रिस्टीचा, म्हणजे पूजासाहित्याच्या इमारतीचा, पाया खणताना एक मोठी पाटी सापडली, जिच्यावर इ.स. २१८ च्या समारंभाचा वृत्तांत आणि बंधूंचे पुरातन गीत होते. गायतानो मारिनीने १७९५ मध्ये तोवरच्या सगळ्या लेखांचे प्रचंड संपादन प्रसिद्ध केले. १८६० च्या दशकात विल्हेल्म हेन्त्सेनने देवराईच्या जागेवर उत्खनन चालवले आणि १८७४ मध्ये नवी संहिता काढली. देवराईला लागूनच जेनेरोसाचे ख्रिस्ती भुयारी दफनस्थान आहे आणि तिथे पुरलेल्यांच्या कोनाड्यांची तोंडे बंद करायला या पाट्यांचे तुकडे वापरले गेले होते. जुन्या देवांचा हिशेब नव्या धर्माच्या थडग्यांना झाकण म्हणून कामी आला आणि त्यामुळेच काही तुकडे वाचले.

शाइडने सुरुवात केली ती देवांपासून नव्हे, माणसांपासून. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकाचा विषय होता: ऑगस्टसपासून नीरोपर्यंतच्या काळात या मंडळात कोणाला घेतले जाई, ते कोणत्या घराण्यांतले होते, सम्राटाशी त्यांचे नाते काय होते. प्रत्येक नावामागचा माणूस ओळखायचा, त्याची पदे, त्याचे सोयरे, त्याचे वय, त्याच्या मृत्यूनंतर जागा कोणाला मिळाली ते शोधायचे. हे काम अतिशय चिकाटीचे आहे आणि वाचायला रूक्ष. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. हे बारा जण म्हणजे कोण्या जुनाट पंथाचे भाविक अवशेष नव्हते. ते राज्य चालवणारे लोक होते आणि मे महिन्यात डोक्यावर लोंब्यांचा मुकुट घालून देवीपुढे उभे राहणे हा त्यांच्या राज्य चालवण्याचाच एक भाग होता. ६९ सालच्या नोंदी या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. त्या एका वर्षात गाल्बा, ओथो आणि वितेलियस हे सम्राट एकामागून एक गादीवर दिसतात आणि तिघेही जिवाला मुकतात. बंधूंच्या दफ्तरात प्रत्येकासाठीचे बळी यथासांग नोंदलेले आहेत. ५९ मध्ये नीरोने आपल्या आईचा वध करवला, त्यानंतर एप्रिलमध्ये नीरोच्या क्षेमासाठी झालेल्या विधींचीही नोंद आहे. ८० सालच्या नोंदीत नव्याने उघडलेल्या कोलोसियममध्ये मंडळाला कोणत्या मजल्यावर किती फूट जागा मिळाली त्याची मापे दिली आहेत. देवीची पूजा, सम्राटाचे राजकारण आणि तमाशाच्या बैठकीतला वाटा, सगळे एकाच सुरात.

या एकसुरी भाषेपाशीच जुने अभ्यासक अडखळले होते. रोमन धर्म कोरडा आहे, व्यवहारी आहे, देवाशी केलेला सौदा आहे, त्यात हृदय नाही, असा निर्वाळा एकोणिसाव्या शतकात दिला गेला. हेगेलने त्याला उपयुक्ततेचा धर्म म्हटले, थिओडोर मॉमसेनला त्यात जमाखर्चाची वृत्ती दिसली. आणि मग पुढची पायरी आपोआप आली: असा पोकळ धर्म प्रजासत्ताकाच्या अखेरीस मरून पडला होता, लोकांच्या आत्म्याची भूक पूर्वेकडच्या पंथांनी आणि अखेर ख्रिस्ती धर्माने भागवली. शाइडने या कथेच्या मुळावर बोट ठेवले. धर्म म्हणजे अंतःकरणातली भावना, एकट्या माणसाचे ईश्वराशी असलेले नाते, ही व्याख्या श्लायरमाखरसारख्या जर्मन प्रोटेस्टंट विचारवंतांची. तिचा गज घेऊन रोमनांना मोजले तर ते उणे ठरणारच, कारण त्यांना जे करायचेच नव्हते ते त्यांनी केले नाही, एवढाच त्या मोजमापाचा अर्थ निघतो.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावे असे मला वाटते. आपल्याला प्रोटेस्टंट धर्मशास्त्राचा वारसा नाही. पण कर्मकांडाकडे खालच्या नजरेने पाहण्याची आपली स्वतःची कारणे आहेत आणि ती भक्कम आहेत. भाव तेथे देव हे आपण लहानपणापासून ऐकतो. संतांनी सोवळ्याओवळ्यावर आणि भावाविण केलेल्या सोपस्कारांवर कोरडे ओढले, पुढे सुधारकांनी त्याच कर्मकांडाने माणसांवर केलेला अन्याय उघड्यावर मांडला. त्या वारशाचा मला अभिमान आहे आणि त्यातले एक अक्षरही मागे घ्यावे असे मला वाटत नाही. तरीही या वारशामुळे आपल्या हातून एक गोष्ट होते: जिथे विधी दिसतो तिथे भाव नसणार, असे आपण न तपासताच धरून चालतो. शाइड वाचताना माझ्या मनातले हे गृहीत सैल झाले. कर्मकांड चांगले की वाईट, हा त्याचा प्रश्नच नाही. विधी करणारी माणसे तो करताना काय म्हणत होती, एवढेच तो विचारतो आणि उत्तर त्यांच्या हालचालींतच शोधतो.

मे महिन्यातल्या मोठ्या उत्सवाचा मधला दिवस घ्यावा. उत्सव तीन दिवसांचा. त्याच्या तारखा जानेवारीतच जाहीर होत. पहिला आणि तिसरा दिवस रोममध्ये मंडळाच्या अध्यक्षाच्या घरी, मधला देवराईत. २१८ आणि २४० सालच्या वृत्तांतांत या मधल्या दिवसाचे वर्णन सर्वांत सविस्तर आहे. सकाळी अध्यक्ष दोन डुकरिणींचा बळी देतो, कारण देवराईतली झाडे छाटायची आहेत आणि तिथे काम व्हायचे आहे. हे आधीच केलेले प्रायश्चित्त. मग देवीला एक पांढरी गाय. त्यानंतर बंधू बसतात, बळीचे मांस खातात आणि आपण हजर होतो असे वहीत लिहितात. दुपारी ते काठाचा पोषाख आणि लोंब्यांचे मुकुट धारण करतात, चढण चढून जातात आणि एका धष्टपुष्ट मेंढीचा बळी देतात. धूप आणि मद्य अर्पण होते. देवळात मडक्यांतल्या अन्नाची पूजा होते आणि ती मडकी दारातून उताराखाली फेकली जातात. दोघे जण बाहेर जाऊन धान्य आणतात. ते हातोहात फिरते, उजव्या हाताने दिले जाते आणि डाव्या हाताने घेतले जाते, मग त्याच वाटेने परत येते. शेवटी दारे बंद होतात, पुरोहित वस्त्रे वर खोचतात, हातात पोथ्या घेतात आणि पायांचा ठेका धरत ते पुरातन गीत म्हणतात.

‘एनोस लासेस युवाते’ या शब्दांनी त्याची सुरुवात होते: लारांनो, म्हणजे रक्षक देवांनो, आमच्या मदतीला या. प्रत्येक ओळ तीनदा आणि अखेरीस ‘त्रियुम्पे’ हा घोष पाचदा. तिसऱ्या शतकातल्या माणसाला ही भाषा पुष्कळशी अगम्य असणार, म्हणून तर हातात पोथी. गीत संपले की दारे उघडतात, सरकारी गुलाम पोथ्या गोळा करतात, मेजवानी होते आणि संध्याकाळी रथांच्या व घोड्यांच्या शर्यती.

या क्रमात शाइडला एक सलग वाक्य दिसले. ‘करणे म्हणजेच मानणे’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या त्याच्या २००५ सालच्या पुस्तकात ते त्याने उलगडून दाखवले आहे. धूप आणि मद्य आधी येतात, कारण ते देवांना केलेले अभिवादन आहे. त्यांचे अमरत्व आणि श्रेष्ठत्व तिथे कृतीने मान्य केले जाते. जनावराच्या पाठीवर खारे पीठ टाकून, मद्य शिंपडून, सुरी फिरवून ते देवाच्या मालकीचे केले जाते. आतडी, काळीज पाहून देवाने ते स्वीकारले की नाही हे ठरते. देवाचा भाग आधी शिजतो आणि आधी वाढला जातो. उरलेले मांस हाताने स्पर्शून माणसांच्या जगात परत आणले जाते आणि मग माणसे जेवतात. पॅरिसमध्ये ग्रीक धर्माच्या अभ्यासकांनी यज्ञाच्या स्वयंपाकाकडे लक्ष वेधले होते. कोणाला कोणता तुकडा मिळतो, हाच तो प्रश्न शाइडने रोमनांना विचारला. उत्तर असे आले की देव आणि माणसे एका पंगतीतली आहेत, पण एका पातळीवरची नाहीत. आधी कोण आणि मागून कोण, यात विश्वाची सगळी उतरंड सांगून होते. ही उतरंड कोणी पुस्तकात लिहून ठेवली नव्हती, कारण ती दर वेळी करून दाखवली जात होती.

या देवांना रोमन माणूस कसा भेटे, याचे शाइडने केलेले वर्णन मला विशेष भावते. देव हे नगराचे थोर रहिवासी आहेत, सामर्थ्यवान आहेत, पण त्यांच्यापुढे गुलामासारखे लोळण घेण्याची गरज नाही. देवांना घाबरून गोंधळलेला, अतिरेकी उपचारांत बुडालेला माणूस रोमनांच्या लेखी धार्मिक नव्हे, अंधश्रद्ध होता. धार्मिकता म्हणजे देवांच्या बाबतीत पाळलेला न्याय, असे सिसेरोने म्हटले आहे. स्वतंत्र नागरिकाने दुसऱ्या, अधिक मोठ्या नागरिकाशी जसे वागावे, तसे देवाशी वागायचे: वेळेवर, नीट, ठरल्याप्रमाणे, आणि मान ताठ ठेवून. ज्याला एकोणिसाव्या शतकाने सौदा म्हटले त्यात शाइडला ही प्रतिष्ठा दिसली. ती दिसण्यासाठी मडकी, मेंढ्या आणि धान्याच्या लोंब्या यांच्यापाशी बराच काळ बसावे लागते.

आणखी एक तपशील, जो मला या सगळ्या दफ्तरात सर्वांत विलक्षण वाटतो. देवराईत लोखंड नेणे निषिद्ध होते. पण वर्षाचा वृत्तांत संगमरवरावर कोरायचा तर छिन्नी हवी, आणि छिन्नी लोखंडाची. म्हणून कोरण्यासाठी लोखंड आत नेण्यापूर्वी प्रायश्चित्ताचा बळी दिला जाई आणि काम संपून ते बाहेर काढल्यावर पुन्हा दुसरा. या बळींची नोंदही मग त्याच दगडावर कोरली जाई. म्हणजे आज आपण जी ओळ वाचतो तिच्या प्रत्येक अक्षराची किंमत देवीला आधीच चुकती केलेली आहे. रोमन इतिहासाची अभ्यासक मेरी बिअर्ड हिने १९८५ मधल्या एका लेखात विचारले होते की हे सगळे कोरले तरी कोणासाठी. देवराईत येऊन इतका लांबलचक मजकूर कोण वाचणार होते? लिहिणे हाच विधीचा भाग होता, अशा दिशेने तिचे उत्तर जाते. लोखंडाच्या प्रायश्चित्ताकडे पाहिले की ते मला पटते.

शाइड नुसता वाचत बसला नाही. १९७५ पासून त्याने वास्तुतज्ज्ञ आंरी ब्रुआझ याच्यासह ला माल्यानाला उत्खनन केले. तोवर तो भाग रोमच्या वाढत्या वस्तीने वेढला होता. गोल देवळाच्या चौथऱ्याचे अवशेष, बंधूंचे स्नानगृह, परिसराची रचना हे सगळे शोधून शिलालेखातल्या शब्दांना जागा मिळवून दिली गेली: चढण कोणती, उतार कुठला, मडकी कुठून कुठे फेकली जात. स्नानगृहावरचा ग्रंथ १९८७ मध्ये आला. १९९० मध्ये बंधूंच्या विधींवरचा मोठा प्रबंध आणि मंडळाच्या नंतरच्या काळातल्या सदस्यांवरचे पुस्तक आले. १९९८ मध्ये सगळ्या नोंदींची नवी संहिता फ्रेंच अनुवादासह प्रसिद्ध झाली, ज्या कामात पाओला तास्सीनी आणि यॉर्ग र्‍युपके यांचे साहाय्य होते. देवराईच्या उत्खननाचा समग्र ग्रंथ निघायला २०२० साल उजाडले. तरुण वयात हाती घेतलेले काम निवृत्तीनंतर पुरे करणारा माणूस मला कोणत्याही क्षेत्रात थोर वाटतो. इथे तर त्या कामाला टाळ्या वाजवणारे वाचक जगभरात मूठभर होते.

मध्यंतरी त्याने इतर कामेही केली, आणि ती लहान नाहीत. ऑगस्टसच्या आत्मवृत्ताचे २००७ मधले संपादन हे त्यांतले एक. प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाच्या ‘रोमन प्रश्नां’वरचे पुस्तक तर वाचायला रमणीय आहे: ११३ प्रश्नांची ती विस्कळीत वाटणारी माळ म्हणजे खरोखर रोम शहरातून केलेली एक पदयात्रा आहे, असे तो दाखवतो. ट्युनिशियातल्या जेबेल ऊस्त इथल्या उष्ण झऱ्याच्या पवित्र स्थळावर त्याने आयशा बेन आबेद यांच्यासह उत्खननही केले. पण या सर्व कामांत पाहण्याची पद्धत देवराईतच घडलेली आहे: स्थळ पाहा, कृतींचा क्रम पाहा, कोण कोणाच्या आधी येते ते पाहा, आणि लोकांनी न सांगितलेले त्यांच्या तोंडी घालू नका.

कॉलेज द फ्रान्सविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण अशी संस्था आपल्याकडे नाही. १५३० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत परीक्षा नाही, पदवी नाही, प्रवेशअर्ज नाही. व्याख्यान सर्वांना खुले असते. रस्त्यावरचा माणूस आत येऊन बसू शकतो. प्राध्यापकावर अट एकच, की त्याने चालू असलेले संशोधन शिकवावे, जुन्या टिपणांची उजळणी नव्हे. ज्याच्या विषयाला नोकरीच्या बाजारात काडीची किंमत नाही, अशा माणसाला पंधरा वर्षे ही मुभा मिळाली, त्याला ऐकायला निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, परदेशी अभ्यासक येऊन बसले. समाजाने विद्येसाठी काय करावे, असे मला कोणी विचारले तर मी या दालनाकडे बोट दाखवीन.

शाइडचे म्हणणे सर्वांना मान्य आहे असे मात्र नाही. त्याच्या संहितेच्या कामात हातभार लावणारा यॉर्ग र्‍युपके पुढे एर्फुर्ट इथे ‘जगलेला धर्म’ या कल्पनेभोवती मोठा संशोधनप्रकल्प उभारणारा अभ्यासक झाला. नगर आणि त्याचे पुरोहित यांच्यावरून नजर काढून व्यक्तीकडे वळवा, असे त्याचे म्हणणे: आजारी आईने नवस बोलून वाहिलेला मातीचा पाय, घरातल्या कोनाड्यातली मूर्ती, प्रवासात एकट्याने केलेली प्रार्थना. शाइडने २०१३ मधल्या पुस्तकात याला सविस्तर उत्तर दिले. रोमन व्यक्ती होतीच, तिला भावनाही होत्या. पण ती कधीही समूहाबाहेर नव्हती. घरात ती कुटुंबाची, सैन्यात तुकडीची, गल्लीत त्या गल्लीची, आणि प्रत्येक समूहाचे आपापले देव व आपापले विधी. आतल्या एकांतातला धर्म शोधण्याचा हट्ट म्हणजे तोच जुना गज नव्या वेष्टनात, असा त्याचा आक्षेप.

या वादात माझा कल शाइडकडे आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या कातो या रोमन लेखकाच्या शेतीविषयक ग्रंथातला शेतकरी आपल्या मालकीच्या जमिनीवरची राई छाटण्यापूर्वी डुकराचा बळी देतो आणि ‘तू देव असशील वा देवी’ असे म्हणतो, तेव्हा तो एकटाच उभा असतो. पण त्याच्या तोंडचे शब्द तेच आहेत जे पुढे तीनशेहून अधिक वर्षांनी आर्वाल बंधू आपल्या देवराईत उच्चारतात. हा एकांत की समूह, असे विचारण्यात अर्थ नाही. तरीही एका ठिकाणी मला र्‍युपकेच्या बाजूने बोलावेसे वाटते. देवराईतल्या त्या दिवशी बारा बंधू एकटे नसत. आईवडील हयात असलेली, सिनेटरांच्या घरची चार मुले त्यांच्या सेवेला असत. आणि ते सरकारी गुलाम असत, जे धान्य हातात घेत, गीताच्या पोथ्या गोळा करत. गीत चालू असताना दारे बंद असत आणि आत पुरोहित असत. दारे उघडल्यावर आत येणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षे त्या पोथ्या हाताळल्या होत्या, त्या म्हणायची संधी त्याला कधीच नव्हती. करणे म्हणजेच मानणे, हे सूत्र मेंढी कापणाऱ्या अध्यक्षाला लागू पडते तसे त्याच्यासाठी पोथ्या वाहणाऱ्यालाही लागू पडते का? की त्याचे करणे हे केवळ हुकुमाची तामिली होते? दफ्तरात बंधूंची उपस्थिती नावानिशी आहे, गुलामांची बहुधा पदापुरती. शाइडच्या पद्धतीने, म्हणजे हालचालींच्या क्रमावरूनच, या माणसांविषयी काही सांगता येईल असे मला वाटते, कारण धान्य आणि पोथ्या शेवटी त्यांच्याच हाती जातात, आणि तेवढे तरी दगडावर स्पष्ट कोरलेले आहे.